अण्णांचा आजार

शुक्रवारी मास्तरांनी कोटाच्या दोन्ही पुढच्या बाजू डाव्याच कापल्या.

चौकडीचं कापड होतं. रेघा जुळवायच्या म्हणून एकेरी अंथरलेलं. एक बाजू कापून झाली की तोच तुकडा उलटा टाकून दुसरी आखायची, एवढंच काम. तीस वर्षांत हजारदा केलेलं. खडूची रेघ त्यांना जरा दुहेरी दिसली. त्यांनी डोळे चोळले, कात्री चालवली, आणि दोन्ही तुकडे समोरासमोर धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की या कोटाला उजवी बाजूच नाही.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. तुकड्यांची घडी घातली, पाण्याची बाटली तोंडाला लावली, रिकामी केली, दुसरी भरून आणली. बायको मागच्या दाराने चहा घेऊन आली तेव्हा ते स्टुलावर नुसतेच बसले होते. तिला धाकटा दीर वहिनी म्हणे, आणि हळूहळू सगळी गल्लीच वहिनी म्हणू लागली होती.

"अहो, काय झालं?"

"मला लागलं," मास्तर म्हणाले. "अण्णांचं."

वहिनींनी चहाचा कप कापायच्या टेबलावर ठेवला. त्या टेबलावर कप ठेवायची घरात कोणाची छाती नव्हती. मास्तर त्यावरही काही बोलले नाहीत, तेव्हा मात्र वहिनींनी आत जाऊन नणंदेला फोन लावला.

अण्णा म्हणजे मास्तरांचे वडील. त्यांना मधुमेह निघाला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आधी तहान, मग नजर, मग डाव्या पायाचा अंगठा, मग घोटा, मग गुडघ्यापर्यंत पाय. शेवटची चार वर्षं ते याच दुकानात कोपऱ्यात बसून बोटांनी चाचपत काजं करायचे, आणि ती काजं डोळसाला लाजवतील अशी असायची. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं म्हणे. मास्तरांनी अण्णांची मलमपट्टी बारा वर्षं केली. येत्या महिन्यात त्यांना स्वतःला अठ्ठेचाळीस पुरी होत होती.

*

रविवारी दुकान बंद. शटर अर्धं ओढून सगळे आत जमले, कारण मागच्या दोन खोल्यांत सहा माणसांना पाय पसरायलाही जागा नव्हती. मास्तरांची बहीण सकाळीच येऊन थडकली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरातही तिचा वर्ग कधी सुटायचा नाही. तिने वहीचं पान पुढे धरलं.

"मी वाचते. ज्याला जे होतंय त्याने हात वर करायचा."

"ताई, तू आम्हाला अंगठे धरून उभं करणार आहेस का?" धाकट्याने विचारलं. तो बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशीही त्याच्या अंगावर खाकी शर्टच असे.

"गप्प बस. एक, सारखी तहान लागणं."

मास्तरांनी हात वर केला नाही, पण सगळ्यांनी त्यांच्या शेजारच्या तीन बाटल्यांकडे पाहिलं.

"दोन, वारंवार लघवीला जाणं."

"तीनदा उठतात," वहिनी म्हणाल्या. "गेले दोन महिने."

"दोन महिने? आणि तू आम्हाला आत्ता सांगतेस?"

"वय झालं की उठतात माणसं, असं वाटलं मला. तुमचे यजमान नाही उठत?"

ताईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "तीन, थकवा."

आता धाकट्याने हात वर केला. "मला आहे. संध्याकाळी डेपोत गाडी लावली की जीव नकोसा होतो."

"तुला आळस आहे."

"बरं, मग तुला नाही का थकवा?"

"चाळीस पोरांपुढे दिवसभर उभं राहून कोणाला नसतो?" ताई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपणही हात वर केल्यासारखंच झालं. त्यांनी पान जरा जवळ धरलं. जवळ धरल्यावर अक्षर जास्त स्पष्ट दिसलं की कमी? चष्म्याचा नंबर बदलला असेल. की हेच ते? गेल्या महिन्यात भाजी चिरताना बोट कापलं ते किती दिवसांनी भरलं? आठ? दहा? रात्री अंथरुणावर पडून त्या हा हिशेब रोज करायच्या आणि सकाळी कोणाला सांगायच्या नाहीत.

"चार," त्यांनी घसा साफ केला. "धूसर दिसणं. पाच, वजन आपोआप उतरणं."

मास्तर उठले. त्यांनी पँटच्या कमरेत चार बोटं घातली. बोटं आरामात बसली.

"दोन इंच," ते म्हणाले. "स्वतःच उसवून आत घेतली, तरी सैल. दुसऱ्या कोणाची असती तर लगेच विचारलं असतं, काय साहेब, बरं नाही का?"

कोणी हसलं नाही. शिलाई मशीनशी बसून जुन्या कोटाचं अस्तर उसवत असलेल्या मास्तरांच्या आईंनी मात्र एकदम मान वर केली.

"यादी वाचून काही कळत नाही," दारातून आवाज आला. मास्तरांची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून अण्णांनी तिला खारू म्हटलं होतं, तेच चिकटलं. ती प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचं शिक्षण घेत होती, दुसरं वर्ष. तिच्या हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र होतं. "एकेक थेंब रक्त द्या. यात सगळ्यांची भांडणं मिटतील."

"माझं नको," धाकटा उठूनच उभा राहिला.

"काका, मुंगी चावल्यासारखं होतं फक्त."

"सुईला कोण घाबरतंय? उद्या आकडा वाईट आला की डेपोत सांगावं लागेल. मग मला स्टिअरिंगवर कोण बसवेल?"

"आणि न सांगता चालवलीस, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली, तर?" ताई कडाडल्या. "मागे पन्नास माणसं बसलेली असतात!"

"तू आधी स्वतःचं बघ ना!"

"बघते! घे गं!" ताईंनी बोट पुढे केलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, आणि ते धाकट्याने पाहिलं. त्याने आपल्या बहिणीच्या शेजारी स्टूल ओढलं.

ताईंचा आकडा शहाण्णव आला. त्यांनी दोनदा विचारलं, "चांगला ना?" आणि मग उगाचच वहीच्या पानाची घडी घालत बसल्या. धाकट्याचा एकशे अठरा. "बिस्किटं खाल्लीत म्हणून," खारू म्हणाली. "चांगला आहे, काका." त्याने बसचा हॉर्न वाजवल्यासारखा मोठा श्वास सोडला.

"बाबा, तुम्ही."

"नको," मास्तर म्हणाले.

"बाबा, असं काय करता?"

"मला माहीत आहे आकडा. तो अण्णांच्या अंगावर वाचलाय मी बारा वर्षं." त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या कात्रीकडे पाहिलं. "सगळे म्हणतात ना, मी अगदी त्यांच्यावर गेलोय. चाल तीच, खोकला तोच, कापड झटकायची तऱ्हा तीच. मग हेच कसं चुकेल? मी ठरवलंय. हातातले कपडे पुरे करतो आणि दुकान बंद. लोकांची कापडं नासवत बसायचं नाही. अण्णांना मी तुकड्या-तुकड्यांनी जाताना पाहिलं. तसं या पोरीने मला बघायचं नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मापं लिहून घेताना बोलतात तसे ते बोलत होते.

*

आईंना तो आवाज ओळखीचा होता. अण्णा पाय कापून घ्यायला जाण्याआधी असेच बोलले होते.

त्यांच्या हातातलं अस्तर मांडीवर पडलं. सत्तेचाळीस वर्षं एक गोष्ट त्यांनी अशी जपली होती की आताशा त्यांनाही ती खोटी वाटायची, कोणीतरी सांगितलेली. अण्णा गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यांना दिलेला शब्द त्यांच्या माघारीही पाळायचा असतो का, हे विचारायलाही कोणी नव्हतं. आणि समोर पोरगा असा बसलेला. आधीच मेलेला.

"तुला नाही होणार," त्या म्हणाल्या.

"आई, तू मध्ये बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "यातलं तुला काय कळतं?"

"मला कळतं. त्याला अण्णांचं नाही होणार. तो अण्णांचा नाही."

धाकटा स्टुलावरून उठला.

"काय बोलतेस?" धाकट्याने विचारलं.

आई मास्तरांकडेच बघत होत्या. "तुझे वडील रंगारी होते. इमारती रंगवायचे. चौथ्या मजल्यावर परांची निसटली. मला तेव्हा सातवा महिना होता." त्या थांबल्या. एवढं एका दमात बाहेर पडलं याचंच त्यांना नवल वाटलं. "तू झाल्यावर मी त्यांचे दोन शर्ट घेऊन शिंप्याकडे गेले. म्हटलं, यातून बाळाची झबली होतील का? तो शिंपी म्हणाला, बाळाला घेऊन या, मापाशिवाय मी शिवत नाही. झबल्याला कुठे माप लागतं? पण नेलं. पुढच्या महिन्यात म्हणाला, पोर वाढतंय, पुन्हा माप घ्यावं लागेल. असं पाच महिने चाललं. मग लग्न केलं आम्ही, आणि गाव सोडून इकडे आलो. इकडे कोणालाच माहीत नव्हतं. ते म्हणाले, हा विषय पुन्हा काढायचा नाही. मुलगा माझा आहे."

मास्तरांनी आपले हात टेबलावर पालथे ठेवले आणि ते दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे बघत राहिले.

"म्हणजे आम्ही दोघं..." ताई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात सगळं एकदम घुसलं होतं. अण्णांनी कात्री दादाच्या हातात दिली, त्याच्या नवव्या वर्षी. मी मागितली तर म्हणाले, तू शीक, शाळा शीक. दादा थोरला म्हणून, असं मी मनाची समजूत घातली. आता काय समजायचं? आणि आजार? तो मात्र माझा आणि धाकट्याचा. शहाण्णव आलेला आकडा त्यांना एकाएकी खोटा वाटू लागला. "आई, निदान आम्हाला तरी सांगायचं होतंस."

"काय सांगायचं होतं?" धाकटा आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला होता. "हा तुमचा अर्धा भाऊ, याला अर्धंच प्रेम करा? बरं झालं नाही सांगितलं. दादा, म्हणजे मी एवढी वर्षं उगाच तुझा मार खाल्ला म्हणायचं?"

त्याला वाटलं होतं, दादा हसेल. दादाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आई," वहिनी म्हणाल्या.

त्यांचा आवाज असा होता की सगळे वळले. बावीस वर्षांत वहिनींनी सासूपुढे आवाज चढवला नव्हता. आताही तो चढला नव्हता, उलट खाली गेला होता.

"खारू दोन वर्षांची होती तेव्हा मला दुसरं हवं होतं. तुम्हाला आठवतं? तुम्हीच विचारायचात, दुसऱ्याचं काय? मी म्हणायचे, बघू."

"आठवतं गं."

"हे नको म्हणाले. म्हणाले, ही कीड माझ्यापाशी थांबू दे. एक पोरगी जन्माला घातली त्याचाच मला घोर लागलाय, अजून एका जिवाला कशाला? मी तीन वर्षं विनवण्या केल्या. मग सोडलं." त्यांनी पदर नव्हे, नुसता हाताचा तळवा डोळ्यांवरून फिरवला. "तुम्ही पलीकडच्या खोलीत होता. एक शब्द बोलला असता."

आईंचं तोंड उघडं राहिलं. "मला हे माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मला वाटलं, तुमचं तुम्ही ठरवलंय."

"आमचं आम्हीच ठरवलं. खोट्यावर ठरवलं."

"वहिनी, पुरे," धाकटा म्हणाला.

"का पुरे?" आता ताई वहिनींच्या बाजूने उठल्या. "तिचं बरोबर आहे. एका शब्दाने..."

"अगं, आत्ता तूच आईला म्हणालीस, तुला काय कळतं!"

"गप्प बसा सगळे!" खारू ओरडली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिने यंत्रात नवी पट्टी सरकवली होती. "बाबा. हात द्या."

मास्तरांनी हात दिला. आता कशालाच अर्थ नव्हता म्हणून दिला असावा. टोचलं तेव्हा त्यांचा चेहरा हललासुद्धा नाही. यंत्राने पाचपर्यंत आकडे मोजले.

"दोनशे अडुसष्ट," खारू म्हणाली.

"किती?"

"थांबा. पुन्हा करते. हात धुऊन या, साखर बिखर लागली असेल." ते मुकाट्याने हात धुऊन आले. दुसरं बोट. "दोनशे चौसष्ट."

"असं कसं?" आई उभ्याच राहिल्या. "यंत्र बिघडलंय. मी सांगितलं ना, तो त्यांचा नाही. मग त्याला कसं होईल?"

"आजी, घराण्यात असलं तर धोका वाढतो. पण घराण्यात नसलं तरी मधुमेह होतो. आणि..." खारूने गाल पुसले. "नक्की काय ते दवाखान्यात रीतसर तपासून कळेल."

मास्तर हसले. अगदी हलकं, नाकातल्या नाकात. मग हसू वाढलं, आणि मध्येच त्याचं काहीतरी भलतंच झालं. त्यांनी तोंड टेबलावरच्या कापडात खुपसलं. वहिनी रागावलेल्या होत्या, कोणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं, तरी त्या जाऊन त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

मास्तरांना स्वतःलाच कळत नव्हतं आपल्याला काय होतंय. दहा मिनिटांपूर्वी त्यांचा बाप गेला होता. अण्णांसारखं चालणं, अण्णांसारखं खोकणं, सगळं शिकलेलं निघालं होतं, अंगातलं नव्हे. आणि आता आकड्याने तेच नातं पुन्हा दाराशी आणून उभं केलं होतं. भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली जे होतं त्याची त्यांना लाज वाटली. ते हायसं वाटण्यासारखं होतं.

*

मंगळवारी दवाखान्यात चौघं गेली. आईंना नको म्हटलं होतं, पण त्या चपला घालून शटरपाशी उभ्याच राहिल्या. वहिनी रविवारपासून त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या. बाकावर बसताना मात्र त्यांनी सासूला भिंतीकडची, टेकायची जागा दिली.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी प्रयोगशाळेचे कागद चाळले. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी, सगळं त्याच बाजूला झुकलेलं. मधुमेह होता. त्यांनी मास्तरांचे दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाहिले.

"पाय छान आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. धूसर दिसतंय ते साखर खाली आली की बऱ्याचदा निवळतं. गोळ्या, चालणं, जेवणाच्या वेळा. काम काय करता?"

"शिवणकाम. सोडणार होतो."

"का? सोडू नका. मात्र तासन्‌तास बसून राहायचं नाही. तुम्ही वेळेत आलात. पुष्कळ लोक पायाची जखम घेऊन येतात, तेव्हा आम्हालाही फार काही करता येत नाही." त्यांनी छापील कागद पुढे ओढला. "आता घरातलं सांगा. आईला आहे?"

"मला कुठलं?" आई म्हणाल्या. "मी बाहेरची. म्हणजे, हा आजार यांच्या घरचा."

"कधी तपासलंय?"

आईंनी खारूकडे पाहिलं, मग वहिनींकडे. अण्णांचं बोट कितीदा तरी टोचलं गेलं होतं, रविवारी तिन्ही मुलांचं. त्यांचं कोणीच टोचलं नव्हतं. त्यांनाही कधी सुचलं नव्हतं.

"पायांना मुंग्या येतात?"

"येतात की. वयाच्या असतील."

"द्या बोट."

आकडा दोनशे एकतीस आला. डॉक्टर म्हणाल्या, उद्या उपाशीपोटी या, खात्री करून घेऊ, पण लक्षण तेच दिसतंय. आईंना ते नीट समजेना. त्यांनी बोटावरच्या कापसाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. "म्हणजे याला ते माझ्याकडून गेलं? मी त्यांचं त्यांचं म्हणत राहिले आणि माझ्यातच..."

"आजी, तसं बोट दाखवता येत नाही," डॉक्टर हसल्या. "असतं थोडं रक्तात, थोडं राहणीत. यात तुमचा दोष काय?"

वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून सासूच्या हातात दिली. आई प्यायल्या. बाटली परत देताना त्या काही बोलायला गेल्या, तर वहिनी म्हणाल्या, "आधी सगळं पाणी प्या."

डॉक्टरांनी कागदावर एक खूण केली आणि पुढच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"आणि वडिलांना? होता?"

खारूने बापाकडे पाहिलं. तिला बरोबर उत्तर माहीत होतं. तो रकाना कशासाठी असतो तेही ती दोन वर्षांत शिकली होती. आईंनी बाटली तशीच धरून ठेवली. वहिनींनी मान दुसरीकडे वळवली. उत्तर द्यायचं ते एकट्या मास्तरांनी.

"होता," मास्तर म्हणाले. "मीच करायचो त्यांचं सगळं."

"म्हणजे दोन्हीकडून आहे तुम्हाला," लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाल्या.

मास्तरांनी खाली वाकून पायात चपला सरकवल्या. त्याला जरा वेळ लागला.

"हो," ते म्हणाले. "दोन्हीकडून."